अभिमान वाटतो, म्हणजे काय वाटतं?

(वाशीच्या प्रदर्शनासाठी आलेल्या गटांच्या आदल्या संध्याकाळच्या बैठकीतील मनोगत)



उद्या सकाळी स्टॉल लावायचेत, फार वेळ घेत नाही. पण उद्या व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकायला मिळेल, "आम्हाला तुमचा अभिमान वाटतो." त्या शब्दाबद्दल थोडं बोलायचंय.

हा शब्द पूर्वी एवढा गोड नव्हता. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दंभ आणि दर्प यांच्या शेजारी अभिमान बसवलाय, आसुरी संपत्तीत. कीर्तनात बुवा अजून सांगतात, अभिमान सोडा. आणि आपण मुलगी दहावी पास झाली की म्हणतो, अभिमान वाटला! दोन्ही बरोबर आहे. बायकांच्या बाबतीत तर आणखी गंमत. एखादी आपल्या भावावर ठाम राहिली की लगेच, "हिला माज आलाय."

इथून जवळच एपीएमसी मार्केट आहे. तिथे आपल्याकडचा कांदा येतो, भाव मात्र दुसरे ठरवतात. उद्या नाचणीच्या पापडाचा भाव आपण ठरवणार. नाचणी, मसाला, पॅकिंग, गाडीभाडं आणि आपली मजुरी. ही शेवटची आपण कायम विसरतो. ती धरून निघालेला भाव सांगताना मान खाली घालू नका. "मॉलमध्ये स्वस्त मिळतो" म्हणालं कोणी, तर हसून म्हणा, "आधी हा चाखून तरी बघा." हा माज नाही, स्वाभिमान आहे.

आता दुसरी गोष्ट. ती मला जास्त टोचते. त्या ताईला विचारूनच सांगतेय.

माझ्याकडच्या एका गटाची परतफेड शंभर टक्के होती. प्रत्येक बैठकीत मी त्यांचं उदाहरण द्यायचे, टाळ्या वाजवायला लावायचे. नंतर कळलं, त्यातली एक ताई गटाचा हप्ता भरायला बाहेरून कर्ज काढत होती, दर आठवड्याच्या वसुलीचं. सहा महिने कुणाला बोलली नाही. का, तर "माझ्यामुळे गटाचं नाव खाली जाईल." दोघींना माहीत होतं, त्याही गप्प. नाव राखता राखता एक बाई बुडत होती आणि मी टाळ्या वाजवत होते. चूक माझीही होती. तिच्या घरी जाऊन मी ते कबूल केलं.

पंचसूत्रीत नियमित परतफेड आहे, तशी नियमित बैठकही आहे. ती काय नुसती सही करून घरी जायला? "या महिन्याला जमत नाही गं" हे म्हणायची तीच तर जागा. तो गट आता आधी अडचणी विचारतो, मग हप्ते गोळा करतो. गटाने अंतर्गत कर्ज देऊन तिचं बाहेरचं थोडं फेडलंय, थोडं बाकी आहे. परतफेड आता शंभर टक्के राहिली नाही. मी त्यांचं उदाहरण अजूनही देते.

बरं, सकाळी नऊला गेटपाशी भेटू. सुट्टे पैसे आणा. आणि भावाच्या पाटीत मजुरी धरली नसेल, तर पाटी आज रात्रीच पुन्हा लिहा.