परभूमीतला ताल



मंडळाच्या या व्यासपीठावर आजवर नाट्यसंगीत आणि भावगीत यांवर पुष्कळ व्याख्याने झाली. आज मी ‘सांताना’ या लॅटिन रॉक वाद्यवृंदाच्या ‘अब्राक्सस’ या ध्वनिमुद्रिकेविषयी बोलणार आहे. त्यामागे एक खाजगी कारण आहे. ते शेवटी सांगेन.

कार्लोस सांताना यांचा जन्म १९४७ साली मेक्सिकोतील आउत्लान या गावी झाला. वडील मारियाची परंपरेतील व्हायोलिनवादक. सीमेवरील तिहुआना शहरातून हे कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला स्थलांतरित झाले. तेथे उभ्या राहिलेल्या वाद्यवृंदात निकाराग्वाचे तालवादक होसे आरेआस होते, तसेच ऑर्गन वाजवून गाणारे अमेरिकन ग्रेग रोलीही होते. सप्टेंबर १९७० मध्ये ‘अब्राक्सस’ प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

तिच्यातील ‘ओये कोमो वा’ ही रचना टिटो पुएन्ते यांची. पोर्तोरिकन आईबापांच्या पोटी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या कलावंताने ती चा-चा-चा या क्यूबन नृत्यतालात बांधली होती. सांतानांनी मुळातील बासरी व पितळी वाद्यांच्या जागी विजेची गिटार आणि ऑर्गन आणले. परंतु कोंगा आणि टिंबाल यांचा ताल मात्र सोडला नाही. ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ हे इंग्रज वादक पीटर ग्रीन यांचे गीत. त्याच्या शेवटी हंगेरीच्या गाबोर झाबो यांची ‘जिप्सी क्वीन’ जोडली आहे. आणि ‘साम्बा पा ती’ या सांतानांच्या स्वतःच्या रचनेत शब्दच नाहीत, गिटारच गाते. मुद्रिकेचे नावसुद्धा हेरमान हेस्से यांच्या ‘डेमिआन’ या जर्मन कादंबरीतून घेतलेले. इतके परके घेऊनही तिची ओळख हरवली नाही, कारण ती ओळख त्या तालात होती.

आता ते खाजगी कारण. गेल्या गणेशोत्सवात काही तरुणांनी ढोलकीसोबत गिटार घेऊन भावगीत सादर करण्याची परवानगी मागितली होती. कार्यक्रम समितीचा सदस्य या नात्याने मीच त्यांच्या अर्जावर ‘परंपरेस अनुसरून नाही’ असा शेरा मारला. सरकारी लेखणीची सवय, दुसरे काय! त्या अर्जावर माझ्या कन्येचीही सही होती. त्यानंतर तिने मंडळात पाऊल टाकलेले नाही. मात्र ही ध्वनिमुद्रिका मला तिनेच ऐकवली, एक शब्दही न बोलता.

सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी, आपणा सर्वांच्या साक्षीने, तो शेरा मी मागे घेत आहे. ती मुले परत यावीत, एवढीच इच्छा.