एमएस्सी, गणित घेऊन

मंडळी, सभागृहात पालक बरेच दिसतात, म्हणून आधी त्यांचा प्रश्न निकालात काढतो. गणितात एमएस्सी करून पुढे काय? महाविद्यालयात शिकवायचं तर नेट किंवा सेट, शाळेत शिकवायचं तर बी.एड., संशोधन करायचं तर पीएचडी. बँका, विमा, सॉफ्टवेअर आहेच. आयआयटीतून एमएस्सी करायची असेल तर ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तीन तास, १०० गुण. अणुऊर्जा विभागाने १९८३ साली स्थापन केलेलं राष्ट्रीय उच्च गणित मंडळ निवडक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीही देतं. एवढं सांगायला मला बोलावण्याची गरज नव्हती.

मला बोलायचंय ते पहिल्या सत्राबद्दल. बीएस्सीला नव्वदच्या वर गुण घेतलेली मुलं येतात आणि दिवाळीपर्यंत त्यांचे चेहरे उतरतात. आजवर उत्तर आलं की काम संपायचं. आता सर विचारतात, ही पायरी चालते हे कशावरून?

एक नमुना दाखवतो. १ − १/२ + १/३ − १/४ अशी न संपणारी श्रेणी घ्या. तिची बेरीज २ चा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे सुमारे ०.६९३. आता तीच पदं, एकही न गाळता, निराळ्या क्रमाने मांडू: एक अधिकचं, पाठोपाठ दोन वजाची. १ − १/२ − १/४, मग १/३ − १/६ − १/८, असंच पुढे. प्रत्येक अधिकच्या पदातून लगतचं पद वजा करा. उरतं १/२ − १/४ + १/६ − १/८... मूळ श्रेणीचं प्रत्येक पद निम्मं झालं! बेरीजही निम्मी. क्रम बदलला तरी बेरीज तीच, हे आपण प्राथमिक शाळेत शिकलो. अनंत पदांना ते सरसकट लागू नाही. रीमान या गणितज्ञाने तर दाखवलं, की अशा श्रेणीची पदं नीट लावली तर हवी ती बेरीज आणता येते. सगळी पदं अधिक चिन्हाने घेऊनही बेरीज मर्यादित राहत असेल, तरच क्रम बदलायची मुभा.

गाइडमध्ये रीमानच्या या निष्कर्षाची सिद्धता तयार मिळते. ती पाठ करून पास होता येतं, कारण आपल्याकडे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, आणि यात दोष मी मुलांपेक्षा पेपर काढणाऱ्यांना जास्त देतो. पण रुडिनच्या पाठ्यपुस्तकातलं एखादं उदाहरण आठवडाभर सुटत नाही, तो आठवडा म्हणजेच एमएस्सी. तेवढाच टाळून पदवी घ्यायची, तर दोन वर्षं घालवता कशाला?

जाता जाता, निकालाआधीच मुलीसाठी स्थळं बघणाऱ्यांकरिता. मंगला राजवाडे १९६४ साली मुंबई विद्यापीठातून गणितात एम.ए. झाल्या, पहिल्या क्रमांकाने. पुढे लग्न होऊन त्या नारळीकर झाल्या. केंब्रिजचा मुक्काम, संसार, तीन मुली. त्या धबडग्यात गणित सुटलं नाही. अ‍ॅनालिटिक नंबर थिअरीतली त्यांची पीएचडी १९८१ ची आहे, आणि आपल्यासारख्यांसाठी त्यांनी मराठीत लिहिलेलं पुस्तक म्हणजे ‘गणितगप्पा’.