कोंडवाड्यातल्या शेळ्या

(बीडमधील वस्ती-मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, शेळ्यांवर काय भाषण करायचं, असं सकाळी एकीनं विचारलं. तर ऐका.

मागच्या माघात आमच्या वस्तीतल्या एका मावशींच्या तीन शेळ्या रस्त्यावरून धरून कोंडवाड्यात नेल्या. लेक-सून ऊसतोडीला गेलेले, घरात दोन नातवंडं. दंड आणि चाऱ्याचा खर्च भरायला पैसे कुठले? शेवटी खाटकानं पैसे भरले आणि बदल्यात एक शेळी नेली. भावही त्यानंच ठरवला. शेळी गाभण होती. मी विचारलं, “पावती घेतली का?” म्हणाल्या, “पावतीचं दूध निघतंय का, बाई?”

पावतीचा माझा आग्रह उगाच नव्हता, पण कायदा मीही नंतरच वाचला. कोंडवाड्याचा मूळ कायदा इंग्रजांचा, १८७१ चा. त्यात ‘गुरं’ म्हणजे शेळ्या आणि करडंसुद्धा. मुदतीत सोडवली नाहीत तर लिलाव. पण बेकायदा धरल्याची तक्रार दहा दिवसांत न्यायदंडाधिकाऱ्याकडे करायची सोयही त्यातच आहे. हे बायकांना कोण सांगतं? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीत शहरांच्या कामांची यादी आहे. तिच्यात कोंडवाडा आहे आणि गरिबी निर्मूलनही आहे. मावशींच्या दारात त्यातलं पहिलंच काम आलं.

केज, आष्टी, पाटोद्याला तर गंमतच. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. दावणीची शेळी होती तिथंच राहिली, पण शहरात आली!

आता दुसरी बाजू. लेंड्या, वास, तुंबलेली गटारं यांची तक्रार करणारीही बहुधा बाईच असते, आणि ती खोटं बोलत नाही. दहा बाय दहाच्या खोलीशेजारी चार शेळ्या बांधल्या तर त्रास होणारच. म्हणून नियम नकोत असं मी म्हणणार नाही. किती शेळ्या, कुठं बांधायच्या, लेंड्या कुठं टाकायच्या, दंड किती, हे मराठीत लिहून वस्तीत लावा. सामाईक गोठ्याला जागा द्या. २०११ पासून नगरपरिषदेत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. तिथं हा विषय मांडायला लावू. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईची अडीअडचणीची पुंजी ही शेळीच. तीही नवरा परस्पर विकतो, ते भांडण वेगळं.

सोमवारी अर्ज द्यायला जायचंय. मावशी येणार आहेत. तेवढ्या वेळापुरत्या त्यांच्या दोन शेळ्या कुणाच्या दारी बांधायच्या, ते आत्ताच ठरवू.