भय नको, भान हवे



फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे नाव एकाएकी देशभर पोहोचले. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तेथील कुक्कुटपालन केंद्रांत आढळला होता. लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, अनेक कुटुंबांचा चरितार्थ बुडाला. सुदैवाने त्या वेळी तेथे एकाही माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही.

पूर्वेकडील देशांना हे सुदैव लाभले नाही. कंबोडियात २०१४ नंतर काही वर्षे मानवी लागणीची नोंद नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रे वेंग प्रांतातील अकरा वर्षांची एक बालिका दगावली आणि त्यानंतर तेथे पुन्हा रुग्ण आढळू लागले. अंगकोर वाट येथील प्राचीन विष्णुमंदिराच्या ओढीने भारतीय प्रवासी त्याच देशात जातात. त्यांनी हा बेत रद्द करावा काय? मुळीच नाही. धोका नेमका कोठे आहे, एवढे मात्र जाणून जावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींनुसार २००३ ते २०२४ या काळात जगभरात एच५एन१ विषाणूची लागण झालेल्या माणसांची संख्या हजाराच्या आतच राहिली. परंतु त्यांतील जवळजवळ निम्मी मृत्युमुखी पडली. हा विषाणू माणसाकडून माणसाकडे सातत्याने पसरत असल्याचे अद्याप दिसलेले नाही. लागण होते ती प्रामुख्याने आजारी वा मेलेल्या पक्ष्यांमुळे, त्यांची विष्ठा, लाळ व पिसांची धूळ यांच्या संपर्कातून.

म्हणूनच ‘आम्ही शाकाहारी, आम्हांस काय त्याचे?’ हा समज फसवा आहे. जिवंत कोंबड्या-बदकांच्या बाजारातून केवळ कुतूहलाने फेरफटका मारणाऱ्यालाही धोका संभवतो. प्रवाशाने असे बाजार टाळावेत. खेड्यातील अंगणात फिरणाऱ्या कोंबड्यांना मुलांना हात लावू देऊ नये. साबणाने वरचेवर हात धुवावेत. विषाणूभोवतीचे मेदाचे आवरण साबणाने विरघळते. मांसाहार करणाऱ्याने मांस व अंडी पूर्ण शिजलेलीच घ्यावीत. सर्व भागांत ७० अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली की विषाणू नष्ट होतो. व्हिएतनाममध्ये बदकाच्या कच्च्या रक्ताचा एक पदार्थ प्रचलित आहे. आग्रह झाला तरी तो नम्रपणे नाकारावा. परतताना पिसांच्या वस्तू वा कच्चे मांस सोबत आणू नये.

प्रवास संपला तरी दक्षता संपत नाही. डिसेंबर २०१३ च्या अखेरीस बीजिंगहून कॅनडाला परतणाऱ्या एका प्रवाशाला विमानातच अस्वस्थ वाटू लागले. ३ जानेवारी २०१४ रोजी त्याचा मृत्यू झाला. आजार एच५एन१ होता. मात्र तो प्रवासी कोंबड्यांच्या बाजारात गेल्याचे तपासात दिसून आले नाही. यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. परतल्यावर दहा दिवसांच्या आत ताप, खोकला, धाप वा डोळ्यांची जळजळ जाणवल्यास अंगावर काढू नये. तोंडाला मास्क लावून तत्काळ वैद्यांकडे जावे आणि त्यांनी विचारण्यापूर्वीच कोणत्या देशातून आलो हे सांगावे. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक उपयोगी पडते. प्रवासाची माहिती दडवणारा स्वतःबरोबर आपल्या कुटुंबालाही संकटात लोटतो.

नवापूरच्या शेतकऱ्यांनी डोळ्यांदेखत आपले पक्षी पुरले जाताना पाहिले, ते गाव वाचावे म्हणून. परदेशी जाणाऱ्याकडून तर त्या मानाने फारच थोडी अपेक्षा आहे.