पेनासारखं दिसतं, पण पेन नाही

आज जरा वेगळा विषय घेतलाय. पोराच्या दप्तरात पेनासारखी एक नळी सापडते. टोपण काढलं तर शाई नाही, गोडसर वास येतो. ती व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. तिच्या आत बॅटरी असते, त्या बॅटरीवर तारेचं बारीक वेटोळं तापतं आणि निकोटीनच्या पाण्याची वाफ होते.

बॅटरी संपली, किंवा आईनं काढून घेतली, की पोरं गप्प बसत नाहीत. मोबाईलच्या चार्जरची वायर सोलून ते नळीला जोडायला बघतात, नाहीतर जुन्या मोबाईलची बॅटरी उचकटतात. हे ऐकून काहींना हसू येईल, पण आम्हाला आधी भीती वाटते ती भाजण्याची.

कारण बघा. त्या पेनातली बॅटरी साधारण ३.७ व्होल्टची असते आणि तिच्यासोबत बारीकसं सर्किट असतं. ते जास्त तापू देत नाही, ठराविक वेळानं वीज तोडतं. आपल्या मिक्सरला जास्त गरम झाल्यावर बंद पडायची सोय असते ना, तसंच. उघड्या वायरीनं जोडलं की ही राखण गेली. वेटोळं लाल होतं, आतला कापूस जळतो, तो धूर थेट छातीत. दोन तारा एकमेकींना चिकटल्या की ठिणगी. आणि मोबाईलची बॅटरी वाकली, टोचली गेली, तर ती आतूनच पेट घेते. गोधडीखाली लपून हा उद्योग चालला असेल तर विचारूच नका.

असं काही पेटलंच तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा. पोराला बाजूला ओढा, त्या धुराजवळ थांबू नका. बॅटरी हातानं उचलायची नाही, लांबून कोरडी वाळू टाका. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका, दवाखाना गाठा. फुगलेली बॅटरी चुलीत किंवा उकिरड्यावर टाकायची नाही. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आता त्या पाण्याबद्दल. आपल्या सोलापुरात विडी वळणाऱ्या बायांना हे वेगळं सांगायला नको. तंबाखूत दिवसभर हात घातले की डोकं गरगरतं, मळमळतं. निकोटीन कातडीतूनही अंगात जातं. नळीतलं पाणी तर त्याचा अर्कच, तान्ह्या पोरानं तोंडात घातलं तर जिवावर बेतेल. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना मोठी इजा झाली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात गेले किंवा दगावले, त्यांत मृत्यू ६८. बऱ्याच नळ्यांत गांजाचा अर्क होता आणि त्यात मिसळलेलं एक तेल फुप्फुसाला बाधलं, असं तिथल्या डॉक्टरांना आढळलं.

आपल्याकडे २०१९ पासून ई-सिगारेटवर कायद्यानं बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याचा रोख बनवणारा, विकणारा, जाहिरात करणारा, साठा करणारा यांच्यावर आहे. म्हणून "पोलिसात देईन" म्हणून पोराला घाबरवू नका. तो लपवायला शिकेल, आणि लपवून वायरी जोडेल. कुठून आणलं ते शांतपणे विचारा. टपरीवर मिळतंय असं कळलं तर गटानं मिळून पोलीस ठाण्यात जा, एकटीनं नको.

पोरगं उलट विचारील, "आई, तू मशेरी लावतेस ते?" बायांनो, याचं उत्तर तयार ठेवा. आमच्या मते खरं उत्तर एकच, दोघांनी मिळून सोडायचं. सोडायला मदत हवी असेल तर सरकारची मोफत हेल्पलाईन आहे, १८०० ११ २३५६. लिहून घ्या, मोबाईलमध्ये पोराकडूनच साठवून घ्या.