तरंगती दोरी, बुडता शेंडा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कोकणात खाडीवर गरी टाकून बसलेल्या माणसाला एकच काळजी असते, की दोरी तळाला जायला हवी. त्यासाठी तो शिशाचा तुकडा बांधतो. शिसं नसलं तर गंजका खिळा, एखादा नटबोल्ट, जे हाताशी असेल ते. जगात दुसरीही एक मासेमारी आहे. तिथे दोरी बुडाली की सगळा डाव फसला. आज तिच्याविषयी बोलायचं आहे. त्यातही त्या दोरीच्या शेवटच्या चार-पाच हातांविषयी, कारण सगळी भानगड तिथेच होते.

या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात. ट्राउट नावाचा थंड पाण्यातला मासा पाण्यावर पडणारे किडे टिपून खातो. त्याला फसवायला पिसं, केस आणि रेशमाचा धागा गुंडाळून आकड्यावर खोटी माशी बांधतात. या माशीला वजनच नसतं. कापसाचा बोळा दूर फेकून पाहा, म्हणजे अडचण कळेल. म्हणून इथे माशी फेकत नाहीत, दोरी फेकतात आणि माशी तिच्यामागून जाते. फेकण्यासाठी लागणारं वजन दोरीच्या अंगात असतं. अमेरिकेत १९६१ साली यासाठी प्रमाण ठरलं. दोरीचे पहिले ३० फूट तोलायचे आणि त्यावरून नंबर द्यायचा. पाच नंबरच्या दोरीचे हे ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम भरतात.

आता एवढी वजनदार दोरी धपकन पाण्यावर पडली तर मासा पळणारच. म्हणून ती पोटाशी जाड आणि शेंड्याकडे निमुळती करतात. शेंड्याला पुढे पारदर्शक नायलॉनचा बारीक धागा आणि त्याच्या टोकाला माशी. फेकीचा जोर निमुळत्या शेंड्यात येईतो विरतो आणि माशी अलगद उतरते. शेंडा बारीक असण्यातच सगळी नजाकत आहे. आणि शेंडा बुडतो तोही बारीक असल्यामुळेच.

हे कसं, ते सांगतो. पूर्वी या दोऱ्या घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या असत, नंतर विणलेल्या रेशमाच्या आल्या. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ साली तरंगत्या माशांवर ग्रंथ लिहिला, तो रेशमी दोरीच्याच जमान्यात. रेशीम पाण्यापेक्षा जड असतं. त्याला जवसाच्या तेलाचे हात द्यायचे, वरून चरबी चोळायची, तेव्हा कुठे ते काही तास तरंगायचं. संध्याकाळी सगळी दोरी रिळावरून उलगडून वाळत घालायची, नाहीतर कुजली म्हणून समजा. आमच्याकडे सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवत, त्याच जातीचं हे काम. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत प्लास्टिकची दोरी आली. आत विणलेल्या धाग्याचा गाभा, वर पीव्हीसीचा लेप. लेपात डोळ्यांना न दिसणारे पोकळ काचेचे गोळे मिसळले, म्हणजे हवाच कोंडली म्हणा ना, आणि दोरी पाण्यापेक्षा हलकी झाली. चरबी, वाळवण, सगळं सुटलं, असं लोकांना वाटलं.

पण गोम अशी, की आतला गाभा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच जाडीचा असतो. निमुळता होतो तो फक्त लेप. समजा गाभा ०.६ मिलिमीटरचा आहे. पोटाशी दोरी १.२ मिलिमीटर असेल तर गाभ्याचा वाटा एक चतुर्थांश होतो. शेंड्याशी ती ०.९ मिलिमीटर झाली की तोच वाटा ४४ टक्क्यांवर जातो. नायलॉनचा गाभा पाण्यापेक्षा जड, तारून नेतो तो लेप. रायवळ आंब्यासारखी गत! पोटाशी गर भरपूर आणि शेंड्याशी नुसता बाठा. कारखानदार काही युक्त्या करतात, शेंड्याच्या लेपात हवेचा अंश वाढवतात, पण शेंडा बारीकही हवा आणि तरंगताही हवा, या दोन मागण्या एकमेकींच्या सवती आहेत.

हिमाचल प्रदेशात तीर्थन नदीकाठी एका मित्राबरोबर मी चार दिवस राहिलो, तिथे हे सारं जवळून पाहिलं. तिथला ब्राउन ट्राउट मूळचा तिथला नव्हे. इंग्रजांनी तो आणला, कुलूच्या बाजूला १९०९ च्या सुमारास. मित्र पुण्याचा, बँकेतून निवृत्त झालेला, या नादापायी पेन्शन उडवणारा. तिसऱ्या दिवशी त्याच्या दोरीचा शेंडा वीतभर पाण्याखाली जाऊ लागला. काठी उचलली की शेंडा पाणी ओढत वर यायचा, आवाज व्हायचा आणि समोरच्या डोहातले मासे दगडाआड व्हायचे. "नवी मागवायला हवी," तो म्हणाला. आमच्या वाटाड्याने दोरी हातात घेतली, शेंडा दोन बोटांत दाबत नेला. गाठीजवळ पाण्याचा थेंब बाहेर आला.

"साहब, लाइन अच्छी है। सिरे ने पानी पी लिया है।"

तीस वर्षं कविता लिहिणाऱ्याला हेवा वाटावा असं वाक्य तो सहज बोलून गेला. आणि शास्त्राच्या दृष्टीनेही ते अचूक होतं. गाभा विणलेला असतो. कापलेलं टोक उघडं राहिलं की दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी आत चढतं. त्याने चार बोटं शेंडा कापला, टोक कोरडं केलं, चिकट द्रव्याच्या एका थेंबाने तोंड बंद केलं आणि गाठ नव्याने, छोटी बांधली. मग कोमट पाण्यात सौम्य साबण घालून पुढचे तीसेक फूट फडक्याने पुसून काढले. फडकं काळं झालं. बर्फाच्या पाण्यातली बारीक रेती, शेवाळ, हाताचं तेल हे सगळं दोरीवर बसतं. त्याचं वजन नगण्य, पण दोरीचा पाणी झटकण्याचा गुण त्याने जातो.

धुतल्यावर त्याने साबण दोन पाण्यांनी काढला. त्याचं कारण घरी तपासता येईल. वाटीभर पाण्यावर शिवणाची सुई अलगद आडवी ठेवा. लोखंड असून ती तरंगते, कारण पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण तिला उचलून धरतो. आता कडेला साबणाचा एक थेंब सोडा. सुई तळाला! दोरीचा बारीक शेंडाही बराचसा याच ताणावर तगून असतो. साबण राहिला तर धुणं उलट अंगाशी येतं.

शेवटी चिमूटभर मलम, तेही शेंड्याच्या चार-पाच हातांना, आणि पुसून घेतलेलं. जास्त लावलं तर त्यावर धूळ बसते. माशीजवळच्या नायलॉनला मात्र मलम लावायचं नाही, कारण तरंगता धागा माशाच्या नजरेत भरतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं तुम्ही विचाराल. शेंडा बुडाला की माणूस आणि मासा यांच्यातली दोरी सरळ राहत नाही, पाण्याखाली तिला झोळ पडतो. माशाने माशी धरली तरी हाताला उशिरा कळतं. बहुतेक वेळा तो ती थुंकून निघून जातो. क्वचित खोल गिळतो, आणि मग आकडा घशातून काढावा लागतो. माझा मित्र मासे सोडून देतो. आमच्या घरी मासा धरायचा तो खाण्यासाठी. धरून सोडण्याचा हा शौक मला अजून पुरता पटलेला नाही, आणि मी त्याला तसं तोंडावर सांगितलंही. पण सोडायचाच असेल तर तो जगेल अशा बेताने धरावा, यावर आमचं दोघांचं आणि वाटाड्याचंही एकमत होतं. ओठाच्या कडेला अडकलेला आकडा पाण्यातल्या पाण्यात निघतो. घसा फाटलेला मासा सोडला काय नि न सोडला काय, सारखंच.

वेगाच्या धारेत मात्र कुठलाही शेंडा दडपला जातो. तिथे मलमाचा उपयोग नाही. काठी उंच धरून दोरी पाण्याबाहेर ठेवायची, एवढंच करता येतं.

आणखी एक. डासांच्या मलमांत डीट नावाचं द्रव्य असतं, ते प्लास्टिकला खातं. लेपाला भेगा पडतात आणि भेगांतून पाणी पुन्हा गाभ्यात. उन्हात तापलेल्या गाडीत दोरी ठेवली तरी लेप असाच कडक होतो. वाटाड्याच्या घरी ओसरीवर दोन खुंट्या होत्या. संध्याकाळी तो दोरी त्यांवर सैल वेटोळ्यांनी टांगायचा, सावलीत. मित्राने पुण्याला परतल्यावर बाल्कनीत तशाच दोन ठोकल्या आहेत.