आधी एकट्याने जा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आपल्या मराठीत 'मंडळी' हा शब्द मोठा कामाचा आहे. सभेत उभं राहून 'काय मंडळी' म्हटलं की समोरचे सगळे आपले होतात. जुन्या वळणाचा एखादा गृहस्थ 'आमची मंडळी माहेरी गेलीय' असं म्हणतो तेव्हा तो एकट्या बायकोबद्दल बोलत असतो. आणि आमच्या नगर जिल्ह्यात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. राहुरीकडे, नेवाशाकडे, वडाळा बहिरोब्याला कुणी सांगितलं की 'मी अमुक मंडळीचा सभासद', तर समजावं की माणूस ख्रिस्ती आहे आणि तो आपल्या चर्चबद्दल बोलतोय. चर्चच्या इमारतीबद्दल नव्हे, तिथे जमणाऱ्या माणसांबद्दल.

मंडळी म्हटली की तिच्यात कोण आणि तिच्याबाहेर कोण, हा प्रश्न आलाच. चुकणाऱ्या माणसाचं काय करायचं, हा त्याच्या पाठीला पाठ लावून आलेला प्रश्न. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

मी मुसलमान, कविता मराठीत करतो. ख्रिस्ती मंडळ्यांच्या शिस्तीशी माझा काय संबंध, असं कुणी विचारील. एक तर मी ज्या कॉलेजात बी.ए. झालो ते अहमदनगर कॉलेज डॉ. भा. पां. हिवाळे या ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली काढलेलं. बाकावर शेजारी बसणारे निम्मे मित्र रविवारी चर्चला जाणारे. दुसरं कारण जरा शब्दांच्या वेडातलं आहे. 'शिस्त' हा शब्द फारसीतून आलेला. जुन्या मराठीत शिस्त धरणं म्हणजे बंदुकीचा नेम धरणं. 'जबाबदारी'तला जबाब अरबी. दोन्ही शब्द आमच्याकडून उसने घेतलेले, तेव्हा त्यांच्यावर दोन शब्द बोलण्याचा थोडाफार हक्क मला असावा! शिस्तीचा मूळ अर्थ नेम धरणं आहे, हे मात्र लक्षात ठेवा. नेम कुणावर धरायचा, हाच तर सगळा प्रश्न आहे.

नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली आले. १८३३ मध्ये इथली पहिली मंडळी स्थापन झाली. हे मिशनरी बहुतेक काँग्रिगेशनल पंथाचे. या पंथात वर बिशप नसतो. प्रत्येक मंडळी आपल्या घरची मालक. पाळक निवडायचा तो मंडळीने, नवा सभासद घ्यायचा तो मंडळीने, आणि कुणाला काढायचं झालं तर तेही मंडळीनेच, सर्वांच्या मताने. न्यू इंग्लंडमधल्या खेड्यांतली ही रीत सीनाकाठी आली आणि आपल्याकडच्या पंचांच्या बैठकीशी तिची सहज सोयरीक जुळली. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तेव्हापासून हा न्यायनिवाडा इथल्याच माणसांच्या हाती येत गेला.

निवाड्याचा नियम मत्तयाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात आहे. त्याचा मतलब असा: भावाने तुझा अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा, दोघांतच बोल. ऐकलं नाही तर एक-दोन माणसं सोबत ने. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर मग त्याला परका समज, जकातदार समज.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत, राहुरी तालुक्यातले. आपल्या मंडळीत बरीच वर्षं पंच होते. त्यांना मी एकदा म्हटलं, "सर, शेवटची पायरी फार कडक आहे हो." ते हसले. म्हणाले, "कविराज, ज्या पुस्तकात हे लिहिलंय त्याला नाव कुणाचं आहे? मत्तयाचं. आणि मत्तय कोण होता? जकातदारच की! प्रभू त्याच्या घरी जेवायला बसला होता. मग जकातदार समज म्हणजे काय समज, तुम्हीच सांगा." मला उत्तर सुचलं नाही. पुढे तेच म्हणाले, "खरी अडचण पहिल्या पायरीची आहे. एकट्याने कुणी जात नाही. आधी चार घरी सांगतात, मग मीटिंग लावतात."

ही अडचण फक्त ख्रिस्ती मंडळ्यांची आहे असं मला वाटत नाही. आमच्या जमातीच्या बैठका मी पाहिल्या आहेत.

तर मंडळीच्या हाती शिक्षा कोणती होती? दंड नाही, तुरुंग नाही. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला समोर येतो, तो काही काळ घ्यायचा नाही. एवढीच. ऐकायला किरकोळ. पण एकोणिसाव्या शतकातल्या नगरच्या खेड्यातला माणूस डोळ्यांसमोर आणा. तो बहुधा महार किंवा मांग समाजातून आलेला. बाप्तिस्मा घेतला म्हणून भाऊबंदांनी आधीच तोडलेला. सोयरीक तुटली, बलुतं-वतनाचं नातं डळमळलं. ब्राह्मण असेल तर त्याच्या घरच्यांनी तो मेला असंच धरलेलं. अशा माणसाला उरलेलं एकच छप्पर म्हणजे मंडळी. आणि तीच जेव्हा म्हणते की तू सहा महिने मागे बस, तेव्हा तो जाणार कुठे? जिनिव्हात कॅल्व्हिनच्या काळी, १५४० नंतर, पाळक आणि वडील दर गुरुवारी बसून नवरा-बायकोच्या भांडणापासून नाचगाण्यापर्यंत सगळ्याचा झाडा घेत. स्कॉटलंडमध्ये पश्चात्तापाच्या स्टुलावर सगळ्या सभेसमोर बसवत. कडक होतं, पण तिथे शिक्षा करणारा आणि भोगणारा एकाच गावचे, एकाच जनरीतीचे. इथे गुन्हा ठरवणारी वही बोस्टनहून आलेली आणि भोगणारा दोन्हीकडून उघडा.

गुन्हे तरी कोणते? दारू. जुन्या देवाला केलेला नवस. रविवार न पाळणं. एक बायको असताना दुसरी. यातल्या काहींबद्दल आज आपण खांदे उडवू. दोन बायका असलेला माणूस ख्रिस्ती व्हायला आला तर त्याने एकीला सोडायचं का, आणि सोडलेलीने जगायचं कसं, यावर तर भारतभरच्या मिशनऱ्यांनी वर्षानुवर्षं काथ्याकूट केला. ज्या बाईवर ही शिक्षा कोसळणार होती तिचं मत त्या चर्चेत कुठे ऐकू येत नाही.

पण एक गुन्हा असा होता की त्याबाबत मी त्या जुन्या शिस्तीपुढे टोपी काढतो. जात पाळणं. दक्षिणेत तंजावरकडच्या जुन्या मंडळ्यांत उच्च जातीचे ख्रिस्ती वेगळे बसत, प्याला आधी घेत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये, म्हणजे नगरची मंडळी झाली त्याच साली, हुकूम काढला की हे बंद. अनेक जण मंडळी सोडून गेले, पण हुकूम मागे घेतला नाही. नगरच्या अमेरिकन मिशनचा तर आरंभापासून हाच आग्रह: मंडळीत यायचं तर जात बाहेर ठेवायची. प्याला एकच. ज्या देशात सावली पडली तरी विटाळ होत होता, तिथे आधी महाराच्या आणि मग ब्राह्मणाच्या ओठाला लागणारा एकच प्याला ही काही साधी गोष्ट नव्हती. जात सुटली का? प्रभुभोजनाच्या मेजावर सुटली, सोयरीक ठरवताना पुष्कळदा सुटली नाही. महारांतून आलेले आणि मांगांतून आलेले यांच्यातलं अंतर मंडळीतही दिसायचं. हे ख्रिस्ती लेखकांनी स्वतःच सांगितलं आहे, मी नवं काही सांगत नाही.

आमच्याच शहरात दुसऱ्या रीतीही नांदतात. रोमन कॅथॉलिक चर्चमध्ये माणूस आपला गुन्हा पंचांपुढे मांडत नाही, फादरच्या कानात सांगतो. वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करावं, हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेचा. फादरने ते कुठेही फोडायचं नाही. फोडलं तर तोच बहिष्कृत. श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, तेव्हा पापनिवेदनासाठी लागलेल्या रांगा बघाव्यात. उसाच्या पट्ट्यातला शेतमजूर आणि पुण्याहून गाडी घेऊन आलेला अधिकारी एका रांगेत उभे. चार माणसांपुढे लाज न जाता मन मोकळं होतं, ही त्या रीतीची माया. पण ज्याचा अपराध केला त्याला काही कळतच नाही, ही तिची उणी बाजू. आमच्यात तौबा करायची ती थेट अल्लाजवळ, मध्ये कुणी नाही. पण दुसऱ्या माणसाचं काही लुबाडलं असेल तर त्याचं त्याला परत केल्याशिवाय ती पुरी होत नाही. असो.

बूथ हॉस्पिटल ज्यांचं आहे ती सॅल्व्हेशन आर्मी, मुक्तिफौज. त्यांच्याकडे बाप्तिस्माही नाही आणि प्रभुभोजनही नाही. मग प्याला रोखण्याची शिक्षा करणार कशी? ते सुरुवातीलाच करारावर सही घेतात. दारू नाही, तंबाखू नाही. पुढे चुकला तर गणवेश उतरतो. आणि त्यांच्या सभागृहात समोर एक साधा बाक असतो. ज्याला आपलं चुकलं असं वाटेल त्याने आपणहून उठून तिथे गुडघे टेकायचे. स्कॉटलंडातल्या त्या स्टुलाचाच हा चुलतभाऊ म्हणा, पण इथे कुणी ओढून नेत नाही.

आता नेमाकडे येतो. शिस्त खालच्या माणसावर धरणं सोपं. वरच्यावर कोण धरणार? पाळकाने मंडळीला जबाब मागायचा. पाळकाला कोण मागणार?

नगरलाच याची दोन मोठी उदाहरणं आहेत. रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम, ज्यांच्या नावाचं चर्च शहरात आहे, ते मुंबईत जन्मलेले आणि १८७४ पासून नगरला काम करणारे. १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी अशा एका मताला पाठिंबा दिला की ज्यांच्या कानी ख्रिस्ताचं नाव कधी पडलंच नाही त्यांना मरणानंतर संधी मिळत असेल. नगरच्या खेड्यात बाप-आजाच्या नावाने रडणारी माणसं पाहिलेल्याला असं वाटलं तर नवल नाही. पण बोस्टनच्या वरिष्ठांनी त्यांचं परतणं रोखून धरलं. मोठा वाद झाला आणि १८८७ मध्ये अखेर त्यांना परत येऊ दिलं. म्हणजे दारू पिणाऱ्या सभासदावर चालणारी शिस्त साहेबावरही चालली. फक्त गुन्हा करुणेचा होता.

दुसरं उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. मिशनचा पगार खाणारा माणूस मिशनलाच जबाबदार राहणार, आणि पैसे देणारा तर सातासमुद्रापार. ही गोष्ट त्यांना सलत राहिली. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. कोण आत, कोण बाहेर हा प्रश्नच त्यांनी निराळ्या रीतीने मांडला. पुढे दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. कवी माणूस संस्था काढतो तेव्हा तिचा हिशेब कोण ठेवणार, ही काळजी मला कवी म्हणूनच वाटते. पण दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

ते दुखणं अजून गेलेलं नाही. अमेरिकन मिशनच्या मंडळ्या आज ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत, त्या १९७० मध्ये झालेल्या चर्चच्या सर्वोच्च पदावरच्या बिशपना २०२२ मध्ये नागपूर विमानतळावर अटक झाली, मध्य प्रदेशातल्या आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून. कॅथॉलिकांत पोप फ्रान्सिस यांना २०१९ मध्ये खास नियम करावा लागला की धर्मगुरूने लैंगिक अत्याचार केल्याची किंवा बिशपने तो दडपल्याची तक्रार कशी आणि कुणाकडे करायची. २०२३ मध्ये तो कायमचा झाला. इतकी शतकं पापनिवेदन ऐकणाऱ्यांना स्वतःच्या जबाबाची जागा ठरवायला एवढा वेळ लागला.

आणि शिस्तीला सरकारचीही एक हद्द आहे. १९४९ मध्ये मुंबई सरकारने बहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. बहिष्कृत करणं हा पंथाचा धार्मिक अधिकार आहे, असं म्हणून. तो निकाल फेरविचारासाठी २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. मधल्या काळात महाराष्ट्राने जातपंचायतींचा जाच पाहून २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो २०१७ मध्ये लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

मी सरांना विचारलं, "प्याला रोखणं या कायद्यात बसतं का?" ते म्हणाले, "प्याला रोखा, हरकत नाही. लग्नाला जाऊ नका, मयताला खांदा देऊ नका, असं म्हटलंत की ती मंडळी राहिली नाही, जातपंचायत झाली."

मग त्यांनी एक हकीकत सांगितली. त्यांच्या मंडळीत एकाला दारूपायी प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. ठराव झाला, वहीत नोंद झाली. तो यायचाच बंद झाला. पंचांपैकी एक म्हातारी बाई होती, लिहितावाचता न येणारी. ती रोज पहाटे त्याच्या गोठ्यावर जायची. उपदेश नाही, प्रार्थना नाही. म्हैस पिळून होईपर्यंत बसायची आणि पावशेर दूध विकत घेऊन यायची. पावसाळा गेला, हिवाळा गेला. होळीच्या सुमाराला एके दिवशी तोच म्हणाला, "आत्या, रविवारी मी येऊ का?" ती म्हणाली, "मला काय विचारतो? दूध कमी देतोस ते आधी बघ."

तो त्या रविवारी आला. वहीत मात्र त्याच्या नावापुढची नोंद खोडायची राहून गेली. सर पंच झाले तेव्हा त्यांनी ती खोडली. तोवर तो माणूस मंडळीचा खजिनदार झालेला होता.